चुनखडी-भाजकी माती सिमेंट

क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मुख्य घटक) निम्म्यावर आणून बाकीची भरती भाजलेल्या चिकणमातीने व न भाजलेल्या चुनखडीने केलेले सिमेंट. ‘एलसी३’ या नावाने ते ओळखले जाते. रूढ मिश्रणात क्लिंकर ५० टक्के, भाजकी माती ३०, चुनखडी १५ व जिप्सम ५ टक्के असते.

जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. त्यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर तापलेल्या चुनखडीतूनच सुटतो. भट्टी विजेवर चालवली तरी तो टळत नाही. म्हणून क्लिंकरच कमी वापरायचे. भारतात हे काम आजवर औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेने केले. पोझोलाना सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते. पण कोळसा कमी जळू लागला की राखही आटणार.

भाजलेली माती चुन्यात घालणे आपल्याकडे जुनेच. विटांची सुरखी ती हीच. नवी आहे ती चुनखडीशी घातलेली सांगड. केओलिनाइटयुक्त माती ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजतात. क्लिंकरला सुमारे १,४५० अंश लागतात. केओलिनाइटच्या वजनाच्या जवळजवळ १४ टक्के असलेले बद्ध पाणी निघून जाते, स्फटिकरचना मोडते आणि मेटाकेओलिन हा क्रियाशील पदार्थ उरतो. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर त्यातील ॲल्युमिना चुनखडीशी संयोग पावते व तयार झालेली कार्बोॲल्युमिनेटे बारीक छिद्रे बुजवतात. एरवी नुसती भर समजली जाणारी चुनखडी इथे कामाला लागते. मातीही उंची नको : ४० टक्के केओलिनाइट पुरते, त्यामुळे चिनी मातीच्या खाणीवर टाकाऊ ठरलेला थरही चालतो. उत्सर्जन साधारण ३० ते ४० टक्के घटते.

स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठातील कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातील फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली, मद्रास व मुंबई येथील आयआयटी यांनी हे संशोधन पुढे नेले. ४५ टक्के सिमेंट बदलूनही ७ व २८ दिवसांची ताकद निव्वळ पोर्टलंड सिमेंटहून सरस भरते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. झाशीत या सिमेंटचे नमुना घर बांधले गेले. भारतीय मानक आयएस १८१८९ हे २०२३ मध्ये आले.

छिद्रे बारीक असल्याने खारे क्लोराइड सळईपर्यंत सावकाश पोचतात. मुंबई-कोकणासारख्या किनाऱ्यांना हा गुण मोलाचा. उलट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपुढे हे काँक्रीट थोडे कमकुवत पडते, आणि पाणी मारण्यात हयगय झाली तर अधिकच. मिश्रण घट्टही होते. साइटवर अशा वेळी बादलीभर पाणी ओतण्याचा मोह होतो, पण त्याने ताकद जाते. प्रवाहीपणा वाढवणारे रसायनच वापरावे लागते. मातीत लोह असेल तर सिमेंटला तांबूस छटा येते. ताकदीत त्याने फरक पडत नाही, तरी राखाडी रंगाची सवय झालेले गिऱ्हाईक ते घेताना कचरते. म्हणून काही भट्ट्यांत भाजलेली माती कमी ऑक्सिजनमध्ये थंड करून राखाडी केली जाते.