प्लॅटफॉर्म टेनिस

प्लॅटफॉर्म टेनिस हा जमिनीपासून उंच उभारलेल्या आणि तारेच्या कुंपणाने वेढलेल्या मंचावर खेळला जाणारा रॅकेट क्रीडाप्रकार आहे. हा खेळ उघड्यावर, विशेषतः हिवाळ्यात आणि प्रामुख्याने दुहेरी स्वरूपात खेळला जातो. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत व शिकागो परिसरात तो विशेष लोकप्रिय आहे. तेथे त्यास बोलीभाषेत नुसते 'पॅडल' असेही म्हणतात. त्यामुळे पॅडल टेनिस व पादेल या वेगळ्या खेळांशी त्याची अनेकदा गल्लत होते.

इतिहास

इ.स. १९२८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्कार्सडेल येथे जेम्स कॉगस्वेल व फेसेंडेन ब्लँचर्ड यांनी या खेळाची सुरुवात केली. बर्फामुळे हिवाळ्यात टेनिस बंद पडत असे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी लाकडी मंच उभारला. प्रारंभी तेथे बॅडमिंटनसारखे खेळ खेळून पाहण्यात आले, परंतु वाऱ्यापुढे फुलाचा निभाव लागेना. अखेर पॅडल टेनिसचे साहित्य वापरण्यात आले. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून मंचाभोवती तारेची जाळी बसवण्यात आली. पुढे जाळीवर आदळून परतणारा चेंडू खेळण्याची मुभा मिळाली आणि हेच या खेळाचे प्रमुख वैशिष्ट्य ठरले. इ.स. १९३४ मध्ये या खेळाची अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

मैदान व साहित्य

प्रत्यक्ष कोर्ट ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढे. त्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या दुहेरी कोर्टाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरते. मंच मात्र ६० फूट लांब व ३० फूट रुंद असल्याने बेसलाइनच्या मागे ८ फूट, तर बाजूंना ५ फूट जागा उरते. भोवतीची ताणून बसवलेली जाळी १२ फूट उंच असते. मधल्या नेटची उंची मध्यभागी ३४ इंच असते.

आधुनिक मंच बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. पाय घसरू नये म्हणून पृष्ठभागास खरखरीत रंग देतात. बर्फ वितळवण्यासाठी मंचाखाली तापक बसवतात. मंच जमिनीपासून उंच ठेवण्याचा एक मोठा लाभ हाच होय. रॅकेटला तारा नसतात. ती भरीव असून तिला भोके पाडलेली असतात. चेंडू स्पंजासारख्या रबराचा असून त्यावर बारीक लव असते. थंडीत हा चेंडू कमी उसळतो, त्यामुळे तो मारून गुण संपवणे कठीण जाते आणि फेऱ्या लांबतात.

नियम

गुणांकन टेनिसप्रमाणेच असते. नियमांतील प्रमुख वेगळेपण पुढीलप्रमाणे :

- दुहेरीत सर्व्हिसची एकच संधी मिळते. ती चुकल्यास गुण जातो.
- सर्व्हिसचा चेंडू नेटला स्पर्शून योग्य चौकटीत पडल्यास तो ग्राह्य धरून खेळ चालू राहतो.
- कोर्टाच्या आत एक टप्पा पडून जाळीवर आदळलेला चेंडू दुसरा टप्पा पडण्यापूर्वी परतवता येतो.
- टप्पा न पडता थेट प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या जाळीवर गेलेला चेंडू बाद ठरतो.

या नियमांमुळे केवळ जोरकस फटक्याचे महत्त्व घटते. जोरात मारलेला चेंडू जाळीवरून परत येतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो खेळण्यास दुसरी संधी मिळते. म्हणून संयम, उंच लॉब, अचूक दिशा आणि जोडीदाराशी समन्वय यांना अधिक मोल असते.

तत्सम खेळांशी तुलना

पॅडल टेनिस : फ्रँक बील यांनी प्रचलित केलेला हा खेळ प्लॅटफॉर्म टेनिसहून जुना आहे. तो जमिनीवरील खुल्या कोर्टावर खेळला जातो. कुंपणावरून चेंडू खेळण्याची सोय त्यात नाही. सर्व्हिस खालून करावी लागते. प्लॅटफॉर्म टेनिसमध्ये ती डोक्यावरून करता येते.

पादेल : इ.स. १९६९ मध्ये मेक्सिकोतील आकापुल्को येथे एन्रिके कोर्क्वेरा यांनी हा खेळ निर्माण केला. २० मीटर लांब व १० मीटर रुंद कोर्टाभोवती काचेच्या भिंती व धातूची जाळी असते. काचेवरून चेंडू वेगाने व बऱ्याच अंशी अपेक्षित दिशेने परततो. पादेलमध्ये सर्व्हिस खालून करतात व तिच्या दोन संधी मिळतात. स्वतःच्या बाजूच्या काचेवर चेंडू मारून तो नेटपलीकडे धाडण्याचीही मुभा असते.

पिकलबॉल : इ.स. १९६५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुरू झालेल्या या खेळाचे कोर्टही ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते. साम्य मुख्यतः एवढेच. त्यात भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू वापरतात. नेटलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. प्लॅटफॉर्म टेनिसमध्ये असे बंधन नसल्याने नेटजवळची जागा काबीज करणे हा मुख्य डावपेच असतो.

हे सुद्धा पहा

टेनिस
बॅडमिंटन
स्क्वॉश
पिकलबॉल