परसांतील कोंबडी आणि आगबोटींतील धान्य

महायुद्धांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार रणांगणें, सेनापति आणि तह यांचीं वर्णनें विस्तारानें करतात. परंतु ज्या कोट्यवधि माणसांनीं तें युद्ध घरांत राहून सोसलें, त्यांच्या चुलीपर्यंत इतिहासाची दृष्टि क्वचितच पोंचते. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत ब्रिटनमधील शहरवासी कुटुंबांनीं आपल्या घरामागील वीतभर जागेंत कोंबड्या, ससे आणि डुकरें पाळलीं, ही हकीकत वरवर पाहतां गमतीची वाटते. तिच्या पोटांत मात्र अन्नाच्या हिशेबाचा एक मोठा धडा आहे, आणि तो त्या एका देशापुरता नाहीं.

युद्धास तोंड लागलें तेव्हां ब्रिटन आपल्या अन्नापैकीं सुमारें दोन तृतीयांश भाग समुद्रापलीकडून आणीत असे. गहूं कॅनडांतून येई, लोणी न्यूझीलंडमधून येई, डुकराचें खारवलेलें मांस आणि अंडीं डेन्मार्कमधून येत. एप्रिल १९४० मध्यें जर्मनीनें डेन्मार्क घेतलें, पुढच्याच महिन्यांत हॉलंड घेतलें, आणि हा शेजारचा पुरवठा एकाएकीं तुटला. अटलांटिक महासागरांत पाणबुड्या टपून बसल्या होत्या. जहाज बुडालें कीं त्याबरोबर धान्यहि बुडे आणि तें आणणारे खलाशीहि बुडत. अशा वेळीं जहाजाच्या पोटांतील प्रत्येक हात जागा कशासाठीं वापरावी, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढें उभा राहिला.

येथें कोंबडी एकाएकीं राजकारणाचा विषय झाली. देशांत घातलीं जाणारीं अंडीं दिसण्यांत स्वदेशी होतीं. पण कोंबडीच्या चोंचींतील दाणा बहुतांशीं परदेशी होता. डुकरांचीहि गोष्ट तीच. एक पोतें धान्य दळून त्याची भाकरी केली, तर त्यांतील जवळजवळ सर्व पोषण माणसाच्या पोटांत जातें. तेंच पोतें कोंबडीस घातलें, तर तिचा देह ऊबदार ठेवण्यांत, तिच्या हिंडण्याफिरण्यांत आणि पिसें वाढविण्यांत त्याचा मोठा भाग खर्ची पडतो. अंड्याच्या रूपानें परत येतो तो थोडाच. म्हणून सरकारनें कुरणें नांगरून तेथें गहूं व बटाटे लावण्याचा आग्रह धरला. १९४१ सालीं जनावरांच्या खाद्याचेंहि मापन सुरू झालें. युद्धाच्या मध्यापर्यंत देशांतील डुकरांची संख्या निम्म्याहून खालीं आली, आणि कोंबड्यांच्या मोठमोठ्या वाड्यांनाहि ओहोटी लागली.

याचा परिणाम ताटांत दिसावयास वेळ लागला नाहीं. मांस, लोणी, साखर हीं १९४० सालींच शिधापत्रिकेवर आलीं होतीं. जून १९४१ पासून अंड्यांचें वांटप सरकारच्या हातीं गेलें, आणि माणशीं आठवड्यास एक अंडें हा दंडक ठरला. तें एकहि दर आठवड्यास मिळेलच असें नसे. १९४२ पासून अमेरिकेंतून अंड्यांची वाळविलेली भुकटी येऊं लागली; डझनभर अंड्यांचें सत्त्व एका लहानशा डब्यांत मावे आणि जहाजांत जागाहि थोडी लागे. तिचे केक होत, कालवणें होत. परंतु उकडलेलें अंडें फोडण्याचें सुख तिच्यांत नव्हतें.

आतां यांत एक विसंगति दिसते. जें सरकार मोठ्या कोंबडीपालकांचे हात आंखडीत होतें, तेंच सरकार लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅम येथील गृहिणींना परसांत कोंबड्या पाळा म्हणून सांगत होतें. भित्तिपत्रकें लागलीं, पुस्तिका निघाल्या. नभोवाणीवर जून १९४० पासून रोज सकाळीं सव्वाआठ वाजतां गृहिणींसाठीं पाकशास्त्राचें एक छोटें भाषण होऊं लागलें, आणि तेथूनहि काटकसरीचे धडे मिळत. एका हातानें कोंबडी कमी करावयाची आणि दुसऱ्या हातानें वाढवावयाची, हा काय प्रकार? उत्तर कचऱ्याच्या डब्यांत होतें. मोठ्या वाड्यांतील कोंबडी जहाजांतून आलेलें धान्य खाई. परसांतील कोंबडीनें बटाट्याच्या साली, कोबीचीं बाहेरचीं पानें, ताटांतील उष्टें आणि भांड्यास लागलेली खरवड खावी, अशी अपेक्षा होती. जें माणूस खाऊं शकत नाहीं, त्याचें ती अंडें करणार होती.

हा हिशेब सरकारनें मोठ्या चातुर्यानें नियमांत बसविला. कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबानें आपला अंड्यांचा शिधा सोडावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यास ठराविक मापानें कोंबड्यांचें पूरक खाद्य मिळावयाचें. या खाद्यास तेथें ‘बॅलन्सर मील’ म्हणत. घरच्या सालीपाल्यांत ज्या प्रथिनांची व क्षारांची उणीव असते, ती भरून काढणें एवढेंच त्याचें काम. शेजाऱ्यानेंहि आपला अंड्यांचा शिधा त्याच घरीं नोंदविला, तर आणखी कांहीं कोंबड्यांपुरतें खाद्य मिळे. बदल्यांत शेजाऱ्यास अंडीं द्यावयाचीं. अशा रीतीनें एका आळींतील दोन-तीन घरें एका खुराड्याभोंवतीं जोडलीं जात. घरगुती कोंबडीपालकांची जी मंडळी सरकारच्या पुढाकारानें स्थापन झाली, तिच्या सभासदांची संख्या दहा लाखांवर गेली.

या कुटुंबांचा दिनक्रम कसा होता, हें त्या काळच्या रोजनिशांवरून कळतें. १९३७ सालीं स्थापन झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेनें सामान्य माणसांस आपले दिवस लिहून पाठविण्याची विनंती केली होती. बॅरो-इन-फर्नेस या जहाजें बांधणाऱ्या गांवची नेला लास्ट ही सुताराची पत्नी त्या लिहिणाऱ्यांपैकीं एक. युद्धाच्या आरंभीं तिचें वय ४९ होतें. तिनेंहि आपल्या बागेंत कोंबड्या पाळल्या होत्या. मुलगा सैन्यांत, गांवावर बाँब पडत आहेत, आणि त्यांतच कोंबड्यांचें दाणापाणी, बाग, स्वयंपाक, स्वयंसेविकांचें काम, असा तिचा संसार चालला होता. तिची रोजनिशी पुढें १९८१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली, आणि युद्धाची हीहि एक आघाडी होती हें अनेकांस प्रथमच उमगलें.

सकाळीं उठून सालींची हंडी शिजवावयाची, तिच्यांत तें पूरक खाद्य कालवावयाचें, आणि त्या उग्र वासाची घरास संवय करून घ्यावयाची, हें पहिलें काम. लाकूड दुर्मिळ झालेलें. म्हणून जुनीं खोकीं, मोडकीं दारें यांचीं खुराडीं बनत. वसंत ऋतूंत अंड्यांची चंगळ असे. हिवाळ्यांत दिवस आंखूड झाला कीं कोंबडी अंडीं घालण्याचें थांबवी. म्हणून वसंतांतील अंडीं ‘वॉटरग्लास’ नांवाच्या क्षाराच्या द्रावांत बुडवून बादल्यांतून पुढील महिन्यांसाठीं ठेवीत. तलंग केव्हां अंड्यावर येते, खुडूक झालेल्या कोंबडीस काय करावें, हें ज्ञान खेड्यांतील आजीबाईस जन्मतःच असावें असें वाटतें. शहरांतील कारकुनास तें पुस्तिकेवरून शिकावें लागलें. आणि जुनी कोंबडी अंडीं देईनाशी झाली म्हणजे तिचें काय करावयाचें, हा प्रसंग कोणासच टळत नसे. मुलांनीं जिचें नांव ठेविलें तिचा रस्सा मुलांनींच नाकारला, अशा आठवणी त्या पिढीनें पुष्कळ सांगितल्या आहेत.

कोंबडीच्या जोडीस ससा आला. त्याचें मांस शिधापत्रिकेवर नव्हतें, आणि तो रस्त्याकडेचा पाला व भाजीचे देंठ यांवर वाढे. डुक्कर पाळणें एका घरास झेपण्यासारखें नव्हतें. म्हणून १९४० सालीं लहान वराहपालकांसाठीं एक मंडळ स्थापन झालें आणि गांवोगांव, कारखान्यांत, अग्निशामक दलाच्या ठाण्यांत वराहपालन मंडळ्या निघाल्या. युद्धाच्या शेवटीं त्यांची संख्या सात हजारांच्या घरांत होती. लंडनच्या सुप्रसिद्ध हाइड पार्कमध्येंहि पोलिसांनीं डुकरें पाळलीं. रस्त्यांवर उष्ट्यासाठीं वेगळे डबे ठेवले गेले. तें उष्टें उकळल्यावांचून डुकरांस घालण्यास मनाई होती, कारण त्यांतून जनावरांचे रोग पसरत. उत्तर लंडनमधील टॉटनहॅम येथें अशा उष्ट्याचें घट्ट खाद्य बनवीत. लोकांनीं थट्टेनें त्याचें नांव ठेविलें ‘टॉटनहॅम पुडिंग’.

घरमालकांच्या करारांत पशुपक्षी पाळण्यास बंदी असे. युद्धकाळांतील नियमांनीं ती बाजूस सारली. पुढें १९५० च्या कायद्यानें हें स्वातंत्र्य कायम केलें: भाडेपट्टींत कांहींहि लिहिलेलें असो, धंद्यासाठीं नसेल तर भाडेकऱ्यास कोंबड्या व ससे पाळतां येतील. कोंबड्यास मात्र या सवलतींतून वगळलें. शेजाऱ्यांच्या झोंपेची काळजी कायद्यानेंहि घेतली. अंड्यास कोंबडा लागत नाहीं, तो पिलांस लागतो, हें कायदा करणाऱ्यांस ठाऊक होतें.

युद्धाच्या अखेरीस देशांतील ताज्या अंड्यांपैकीं सुमारें चतुर्थांश अंडीं अशा परसांतून येत होतीं, असा अंदाज केला जातो. परंतु या यशोगाथेजवळच एक दुःखद पान आहे, आणि मराठी वाचकानें तें उलटून जाऊं नये. त्याच वर्षांत हिंदुस्थानांतहि अधिक धान्य पिकविण्याची मोहीम निघाली होती आणि १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत शिधावांटप सुरू झालें होतें. त्याच १९४३ सालीं बंगालमध्यें जो दुष्काळ पडला, त्यांतील मृतांचा अंदाज तीस लाखांपर्यंत केला जातो. हिंदुस्थान सरकारनें बाहेरून धान्य मागितलें. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळानें तें मागितलें तितकें दिलें नाहीं, आणि कारण सांगितलें तें जहाजांच्या टंचाईचें. जहाजाच्या पोटांतील जागेचा हिशेब ब्रिटनच्या नागरिकांसाठीं अंड्यापर्यंत काटेकोरपणें मांडला गेला. बंगालच्या शेतमजुराचें नांव त्या वहींत फार खालीं होतें. हिशेबाची पद्धति कितीहि शास्त्रशुद्ध असली, तरी कोणाचें पोट आधीं मोजावें हें शास्त्र सांगत नाहीं; तें सत्तेच्या हातीं असतें.

युद्ध संपलें तरी टंचाई लगेच संपली नाहीं. पाव युद्धकाळांत मोकळा होता. तोहि १९४६ ते १९४८ पर्यंत मापून मिळूं लागला. अंडीं मार्च १९५३ मध्यें बंधमुक्त झालीं, मांस जुलै १९५४ मध्यें. धान्य पुन्हां मुबलक झालें, मोठे कारखानदार पिंजऱ्यांत कोंबड्या ठेवूं लागले, आणि परसांतील खुराडीं एकामागून एक मोडलीं. त्या पिंजऱ्यांपैकीं अगदीं अरुंद व उघडेबोडके असलेल्यांवर युरोपीय संघांत व त्या वेळीं त्याचा घटक असलेल्या ब्रिटनमध्यें २०१२ च्या आरंभापासून बंदी आली. पक्ष्यांच्या साथीच्या भीतीनें १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्यें एकच कोंबडी पाळणारासहि सरकारांत नोंद करावी लागते. ज्या परसास सरकारनें एकदां आर्जव केलें, त्याच्या दारीं तें आतां वही घेऊन आलें आहे.

महाराष्ट्रांतील खेड्यास हा धडा पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. कोंकणांतील परड्यांत काय किंवा देशावरील वाडींत काय, कोंबडी उकिरडा उकरून किडे खाते, खळ्यांत सांडलेले दाणे टिपते, आणि पाखडतांना उडालेल्या कोंड्याचें सोनें करते. शेळी बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरील पाल्यावर दूध देते. माणसाच्या ताटांतील घांस त्यांनीं कधीं मागितला नाहीं. म्हणूनच जिच्या हातीं जमीन नाहीं, अशा बाईस त्यांच्या जोरावर मिठामिरचीचे आणि औषधपाण्याचे पैसे सुटले. याच्या उलट, आज शहरांत डझनांनीं मिळणारें अंडें मका आणि सोयाबीन खाणाऱ्या कोंबडीचें असतें. तें स्वस्त आहे, सोईचें आहे, आणि लाखों मुलांस त्यांतून पोषण मिळतें, हेंहि खरें. परंतु त्या अंड्यामागें कोठें तरी एक शेत उभें असतें आणि बहुधा एक आगबोट किंवा मालगाडीहि असते. ती वाट मोकळी आहे तोंवर तिचें महत्त्व ध्यानांत येत नाहीं. ब्रिटनच्या गृहिणींस तें १९४१ च्या उन्हाळ्यांत ध्यानांत आलें, जेव्हां आठवड्याचें एकमेव अंडें टेबलावर ठेवून तें घरांतील कोणास द्यावें याचा त्यांना विचार करावा लागला.