तांडेल, रिलीव्हर आणि डेटाबेस

आमच्या बाबांची सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट ऑपरेटर म्हणून गेली. मी आयटीत. बोईसरहून डहाणू लोकल पकडून मी नेमकं कुठलं काम करायला जातो, हे मी त्यांना गेली पाच वर्षं सांगतोय, आणि दर वेळी चहा गार होतो. गेल्या शनिवारी मात्र उलटं झालं. माझी चूक त्यांनीच मला समजावली. म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय आहे कुबरनेटीसवर डिस्ट्रिब्युटेड डेटाबेस चालवण्याचा. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात. असे शेकडो डबे कुठल्या मशीनवर चालवायचे, एखादा बंद पडला की दुसरीकडे नवा कसा उभा करायचा, हे कुबरनेटीस बघतो. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. मराठीत तंतोतंत 'कर्णधार', पण तो शब्द आपण क्रिकेटला देऊन टाकलाय. आमच्या सातपाटीच्या बंदरावर विचाराल तर तांडेल.

आता इतिहासातली गंमत बघा. २००० साली एरिक ब्रूअर नावाच्या प्राध्यापकाने एक अंदाज मांडला: डेटा अनेक मशीनवर ठेवलात आणि मधलं नेटवर्क तुटलं, तर प्रत्येक मशीनने उत्तर द्यायचं की सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, यातलं एकच मिळेल. २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी ते सिद्ध केलं. त्यानंतर जे डेटाबेस आले ते याच तडजोडीतून. २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचा डायनॅमोवरचा पेपर आला. त्याच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण पुढे फेसबुकात गेले आणि प्रशांत मलिक यांच्याबरोबर त्यांनी कॅसँड्रा लिहिला. २००८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आणि जून २०१४ मध्ये गूगलतर्फे कुबरनेटीसची घोषणा व्यासपीठावरून कुणी केली? याच ब्रूअरसाहेबांनी!

पण त्या सुरुवातीच्या कुबरनेटीसला डेटाबेस मानवत नव्हता. त्याच्या लेखी सगळे पॉड सारखे. एक गेला, दुसरा आणा, नावसुद्धा नवीन. वेबसाइटला हे चालतं. डेटाबेसच्या नोडला मात्र स्वतःचं नाव लागतं, स्वतःची डिस्क लागते, आणि शेजाऱ्यांना तो ओळखीचा असावा लागतो. जुलै २०१६ मध्ये १.३ आवृत्तीत यासाठी 'पेटसेट' आला. पेट म्हणजे पाळीव प्राणी, नाव ठेवून वाढवलेला. बाकीचे पॉड म्हणजे नुसता कळप. डिसेंबरात १.५ मध्ये त्याचं 'स्टेटफुलसेट' असं बारसं झालं आणि डिसेंबर २०१७ च्या १.९ मध्ये तो स्थिर म्हणून जाहीर झाला.

आता माझी कर्मकहाणी. एका जुन्या हापिसात आमचा तीन नोडचा कॅसँड्रा होता. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, तीन मशीनवर. 'टेस्टिंगपुरता' उभा केलेला, त्यामुळे डिस्कही तात्पुरती: पॉड गेला की डिस्क गेली. पुढे त्यावर लोक खरंखुरं काम करायला लागले आणि डिस्कचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही (कुणाच्या म्हणजे माझ्या). एका रात्री सर्व्हर अपग्रेड करायचे म्हणून मी एकेक मशीन रिकामं केलं. अगदी शिस्तीत. पहिला पॉड गेला, दुसरीकडे त्याच नावाने आला, हिरवा दिवा. दुसरा, हिरवा. तिसरा, हिरवा.

तिन्ही रिकामे! कॅसँड्रात ज्या नोडना 'सीड' नेमतात, ते नव्याने आले तर शेजाऱ्यांकडून जुना डेटा मागून घेत नाहीत. आम्ही तिघांनाही सीड नेमलं होतं. शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. त्या अकरा दिवसांच्या नोंदी चार जणींनी आठवडाभर बसून कागदावरून पुन्हा भरल्या. एकीनेही मला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

हे शनिवारी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, रिलीव्हर आला म्हणजे त्याने गेटवर पंच केलं, एवढंच नसतं. रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच अर्ध्यावर असते. त्याने लॉगबुक वाचून सही केल्याशिवाय आम्ही जागचे हलायचो नाही. तुझ्या त्या हिरव्या दिव्याने लॉगबुक वाचलं होतं का?"

नव्हतं. तो दिवा फक्त पंच बघत होता.

नेमकं हेच कोअरओएस कंपनीच्या लोकांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये ओळखलं होतं. डेटाबेस सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाचं शहाणपण एका प्रोग्राममध्ये घालायचं: आधीचा नोड डेटा घेऊन तयार झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नको, बॅकअप वेळेवर घे, वगैरे. या प्रोग्रामला त्यांनी नाव दिलं 'ऑपरेटर'. बाबांचं पद! पहिल्या ऑपरेटरांपैकी एक होता एटसीडीसाठी, म्हणजे कुबरनेटीस स्वतःच्या नोंदी ज्यात ठेवतो त्या डिस्ट्रिब्युटेड डेटाबेससाठी. तांडेलाची स्वतःची वहीसुद्धा कुणीतरी सांभाळावीच लागते. कॅसँड्रासाठी डेटास्टॅक्सने २०२० मध्ये आपला ऑपरेटर खुला केला.

माझं मत विचाराल तर चार माणसांच्या टीमने डेटाबेस कुबरनेटीसवर नेऊच नये. दोन साधे सर्व्हर आणि रोजचा बॅकअप पुरतो. आमच्या हल्लीच्या टीमला हे पटलेलं नाही. असो. आम्ही ऑपरेटर वापरतो, डिस्क कायमची आहे, आणि महिन्यातून एकदा मी मुद्दाम एक नोड पाडून तो भरून येईपर्यंत बसून राहतो. गेल्या वेळी चाळीस मिनिटं लागली. रात्रीची शेवटची डहाणू लोकल चुकली ती चुकलीच.