भिवंडीचे घर जगाला का सापडत नाही? इंटरनेटवरील पत्त्यांच्या टंचाईचा इतिहास

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने पिन कोड पद्धत सुरू केली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार. पाकिटावर ४२१३०२ लिहिले की देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून पत्र भिवंडीस पोहोचते, ही त्यांची देणगी.

त्यानंतर बरोबर तेवीस वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. आज भिवंडीतल्या एखाद्या खोलीत कुणी छोटा सर्व्हर मांडला, तर त्या खोलीतून सारे जग दिसते. जगाला मात्र ती खोली सहसा सापडत नाही. असे का झाले, याचा हा थ्रेड.

मुळात इंटरनेटची रचना बरोबरीच्या यंत्रांची होती. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपीची चौथी आवृत्ती प्रमाणित झाली. तिच्यात प्रत्येक यंत्राला ३२ अंशांचा पत्ता, म्हणजे एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या काळची जगाची लोकसंख्याही याहून थोडी अधिकच होती. पण घरोघरी संगणक येईल अशी कल्पना कोणाची होती? म्हणून वाटप सढळ हाताने झाले. स्टॅनफर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांना प्रत्येकी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळाले. स्टॅनफर्डने आपला गट २००० साली परत केला, हे नोंदवलेच पाहिजे. असे औदार्य क्वचितच दिसले.

आपल्याकडे तर आरंभापासूनच विषमता होती. १९९५ च्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त 'शेल' खात्यात ग्राहकाच्या संगणकाला स्वतःचा पत्ताच नसे. इंटरनेटवर असे ते निगमचे यंत्र. घरचा संगणक म्हणजे दूरध्वनीच्या तारेने त्याला जोडलेला पडदा आणि कळफलक.

टंचाईची चाहूल लागल्यावर मे १९९४ मध्ये 'नॅट' ही युक्ती मांडली गेली, तीही तात्पुरता उपाय म्हणून. तात्पुरत्या गोष्टी इतिहासात फार टिकतात! नॅट म्हणजे वाड्याचा दरवान. वाड्याला बाहेर एकच पत्ता; आत खोल्यांना खाजगी क्रमांक, उदाहरणार्थ १९२.१६८ ने सुरू होणारे. आतल्या कोणी बाहेर निरोप धाडला की दरवान वहीत नोंद करतो आणि उत्तर आले की त्याच खोलीत पोचवतो. पण अनोळखी पाहुणा आपणहून आला, तर वहीत नोंद नाही. दरवान त्याला परत पाठवतो. घरचा सर्व्हर जगाला दिसावा यासाठी राउटरमध्ये जे 'पोर्ट फॉरवर्डिंग' करतात, ते म्हणजे या दरवानाला दिलेली आगाऊ सूचना: ४४३ क्रमांकाच्या दारी येणाऱ्यास अमुक खोलीत सोड.

ही सूचना तुम्ही देऊ शकता, कारण दरवान तुमचा आहे. पुढे तोही तुमचा राहिला नाही.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे पाच गट वाटले गेले आणि १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत विभाग आपल्या अखेरच्या गटावर आला. भारतातली कोट्यवधी घरे आणि मोबाइल जाळ्यावर आले, ते प्रामुख्याने यानंतर. पंगतीला उशिरा आलेल्यांच्या पानात काय उरणार? एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सेवादात्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला आणि अनेक वाड्यांभोवती आणखी एक कोट उभा राहिला. त्याचा दरवान सेवादात्याच्या कार्यालयात बसतो. तो तुमची सूचना घेत नाही. आपल्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बिनचूक केले तरी व्यर्थ.

भिवंडीला हे नाते नवे नाही. येथे माग स्वतःचा, शेड स्वतःची. पण सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच, आणि मालक मजुरीवर विणतो, असे कितीतरी कारखाने आहेत. यंत्र घरात असणे आणि बाजारापर्यंत स्वतःची वाट असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

'मग लिखाण मोठ्या कंपनीच्या जागेवरच ठेवावे' असे कोणी म्हणेल. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. तेथील सार्वजनिक समुदायांचा संग्रह काही काळ ठेवला गेला, नंतर तोही काढला. त्यात मराठी समुदायांच्या चर्चाही होत्या. उद्याच्या इतिहासकाराचे ते दप्तर होते. मोडी कागदांच्या प्रतिमा असोत वा गावच्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह, मूळ प्रत आपल्या छताखाली असावी असे मला वाटते, ते यामुळेच.

वाटा तीन आहेत. सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणे, ही सर्वांत सरळ. दुसरी आयपीच्या सहाव्या आवृत्तीची: तिचे पत्ते १२८ अंशी, त्यामुळे टंचाईच नाही. २०१६ नंतर तिच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत आला. मात्र राउटरची तटबंदी मुद्दाम उघडावी लागते आणि केवळ जुनी आवृत्ती असलेला वाचक पोहोचत नाही. तिसरी बोगद्याची: मुंबईत छोटे यंत्र भाड्याने घ्यायचे आणि घरच्या सर्व्हरनेच आतून त्याच्याशी वायरगार्डसारखी जोडणी करायची. दरवान बाहेर जाणाऱ्यास अडवत नाही, म्हणून हे जमते. मात्र भिवंडीच्या शेजाऱ्याने तुमचे पान उघडले, तरी ते मुंबईची वारी करूनच त्याच्याकडे येते.

दार उघडण्यापूर्वी एक तारीख ध्यानात असू द्या: २१ ऑक्टोबर २०१६. कारखान्यातून आले तेच परवलीचे शब्द ठेवलेले कॅमेरे आणि राउटर 'मिराई' या विषाणूने काबीज केले होते. त्यांच्याकरवी त्या दिवशी 'डाइन' कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दुर्गम झाली. घरगुती सर्व्हरांच्या बदलत्या पत्त्यांना कायमचे नाव देण्याच्या सेवेतून जी कंपनी नावारूपाला आली, ती हीच. तेव्हा एकच दार उघडा, परवलीचा शब्द बदला, आणि गोदामातला कॅमेरा त्या दाराच्या वाटेवर ठेवू नका.