ओझं कुणाच्या खांद्यावर?
पेरूमधली इंका वाट वाटाड्यासोबत चार दिवस, सुमारे 43 किलोमीटर चालत माचू पिच्चूला पोचते. मधली एक खिंड तर 4,200 मीटरहून उंच. या प्राचीन नगरीचे ‘शोधकर्ते’ म्हणून हायरम बिंगहॅम यांचं नाव झालं. पण 1911 मध्ये ते आले, तेव्हा शेतकरी कुटुंबं तिथल्या जुन्या पायऱ्यांवर पिकं घेत होती. त्यांच्यातल्याच एका मुलानं त्यांना अवशेष दाखवले. आजही प्रवाशांचे तंबू, भांडी, शिधा स्थानिक हमालच वाहतात. त्यांच्या ओझ्याला 20 किलोची कायदेशीर मर्यादा यायला एकविसावं शतक उजाडलं! शिखरजीला डोलीत बसणाऱ्या आपणही हे ध्यानात ठेवावं. परिग्रह घरातल्या वस्तूंतच मोजायचा नसतो, दुसऱ्याच्या खांद्यावरही मोजायचा असतो.