व्यवसायाची कल्पना शोधताना : दिघाशी आणि भिवंडीचा ग्रामीण पट्टा

छोटा व्यवसाय सुरू करावा असे मनात आले की पहिली चर्चा होते ती भांडवलाची. पैसा कोठून आणायचा, कर्ज मिळेल का, तारण काय द्यायचे, याच प्रश्नांभोवती सारे घर फिरत राहते. वस्तुतः त्याआधीचा प्रश्न अधिक अवघड आहे : करायचे नेमके काय? भिवंडी तालुक्यातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत तर हा क्रम उलटाच झाला. गोदामांसाठी विकलेल्या जागा, समृद्धी महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन यांसाठी झालेले भूसंपादन, यांतून काही घरांत आधी पैसा आला आणि मग व्यवसायाचा शोध सुरू झाला. शेजाऱ्याने डंपर घेतला म्हणून आपणही घ्यावा, गावात एक जेसीबी आला की चार यावेत, हा प्रकार त्यातूनच घडतो. भाडे पडते, हप्ते थकतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीच्या मोबदल्यात आलेली रक्कम चार-पाच वर्षांत आटून जाते. जमीन पुन्हा विकत घेता येत नाही. म्हणून या भागात कल्पना पारखून घेण्याला इतरत्र आहे त्याहून अधिक महत्त्व आहे.

दिघाशी हे भिवंडी तालुक्याच्या ग्रामीण भागातील गाव. भिवंडी-वाडा रस्ता, अंबाडी आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीचा परिसर हे या भागाचे नित्याचे संदर्भ. भिवंडी म्हटले की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर यंत्रमाग आणि गोदामे येतात. पण तालुक्याच्या या अंगाला भातशेती, वीटभट्ट्या, गुरे, आदिवासी पाडे आणि देवस्थानाला येणारे भाविक असे निराळेच चित्र आहे. व्यवसायाची कल्पना शोधणाऱ्याला या दोन चित्रांमधील अंतरच उपयोगी पडू शकते.

भिवंडीला संधी कशी मिळाली

भिवंडीची भरभराट एखाद्या उद्योगपतीच्या कल्पनेतून झालेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी कापडाची मागणी थांबली नव्हती. ती मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळली. त्या मागांभोवती सायझिंग, बीम भरणे, कांड्या भरणे, सुटे भाग, दुरुस्ती, चिंधीचा व्यापार असे कितीतरी लहान धंदे उभे राहिले. पुढे गोदामांचेही तसेच झाले. मुंबईच्या हद्दीत माल नेताना जकात भरावी लागे. त्यामुळे माल हद्दीबाहेर उतरवून गरजेप्रमाणे आत नेणे व्यापाऱ्यांना परवडत असे. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, मानकोली या गावांत गोदामे वाढण्यामागे जागेच्या किमतीबरोबर हेही एक कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात संपली. तोवर ऑनलाइन खरेदी रुजली होती, त्यामुळे गोदामे गेली नाहीत, उलट मोठी झाली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातीलच गाव.

या इतिहासातून एक व्यावहारिक गोष्ट दिसते. मोठा बदल घडवणे लहान उद्योजकाच्या हाती नसते. मात्र त्या बदलाच्या कडेला कोणत्या गरजा निर्माण होतात हे ओळखणे त्याला जमू शकते. यंत्रमाग घालण्यासाठी जेवढे भांडवल लागे, त्याच्या अंशमात्र भांडवलात कांड्या भरण्याचे काम घरात सुरू होत असे.

पाहायचे काय?

‘कमी भांडवलात सुरू करता येणारे शंभर उद्योग’ अशा स्वरूपाच्या पुस्तिका बसस्थानकावर मिळतात. त्या वाचण्यात गैर काही नाही. पण मेणबत्ती, अगरबत्ती आणि खडू यांपलीकडे त्या क्वचितच जातात, आणि दिघाशीत खडू कोण घेणार याचे उत्तर त्यांत नसते. त्यापेक्षा एक वही घेऊन महिनाभर आपल्याच परिसराचे निरीक्षण करणे अधिक फलदायी ठरते. गावात बाहेरून काय येते, गावातून कच्च्या स्वरूपात काय बाहेर जाते, काय फेकले जाते आणि लोकांना कशासाठी ताटकळावे लागते, एवढ्याच नोंदी पुरेत.

बाहेर काय जाते याची नोंद केली की पहिल्यांदा भात समोर येतो. बहुतांश शेतकरी भात विकून मोकळे होतात. तांदूळ, कणी, पोहे, कुरमुरे, भाकरीचे पीठ, पापड, फेण्या ही पुढची साखळी दुसऱ्याच्या हाती जाते. शेजारच्या वाड्याच्या ‘वाडा कोलम’ तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र येथे सावधगिरी हवी. असे मानांकन ठरावीक क्षेत्राशी बांधलेले असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा वाडा तिकडे गेला आणि भिवंडी ठाण्यात राहिली. बाजाराला अशा रेषा दिसत नसल्या, तरी मानांकनाच्या नोंदीत त्या असतात. नोंदीतील क्षेत्राबाहेर पिकलेल्या तांदळाच्या पिशवीवर ‘वाडा कोलम’ छापल्यास ते कायद्याच्या अडचणीत येऊ शकते. भिवंडीच्या शेतकऱ्याने आपल्या गावाच्या नावाने, जुन्या-नव्याचा उल्लेख स्पष्ट करून, मिलमधून ताजा काढलेला तांदूळ दहा किलोच्या पिशवीत ठाणे-कल्याणच्या गृहसंकुलांत दिला, तर नाव उसने घेण्याची गरज उरत नाही.

गोदामपट्ट्याकडे पाहिले तर गरजांची यादी लांबते. माल रचायचे लाकडी पॅलेट मोडतात, ते दुरुस्त करणारा हवा असतो. खोकी, पट्ट्या, जुने प्लॅस्टिक गोळा करून वर्गवारी करणारा हवा असतो. रात्रपाळीच्या कामगारांना घरचे जेवण, चालकांना स्नानगृह, वाहनांना पंक्चर आणि बॅटरीची सेवा, कार्यालयांना सफाई. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील गरजा वेगळ्या. वसईच्या १७३९ मधील विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेले वज्रेश्वरीचे मंदिर, तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे आणि गणेशपुरीतील नित्यानंद स्वामींची समाधी यांमुळे या परिसरात लोक वर्षभर येतात. पण ते सुटीच्या दिवशी अधिक येतात, आणि आठवड्यातील पाच दिवस रिकामे जाणारा व्यवसाय महिन्याचे भाडे कसे भरणार, हे आधीच पाहावे लागते. जांभूळ, करवंद, फणस यांसारखा रानमेवा तर जेमतेम काही आठवड्यांचा. त्याचा गर काढून टिकवण्याची सोय असेल तरच तो वर्षभराचा धंदा होतो. एरवी तो हंगामी विक्रीच राहतो, आणि हंगामी विक्रीला जोडधंदा म्हणण्यात कमीपणा नाही.

दोन जुनी उदाहरणे

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापणीचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. नांगर चांगला होता; पण लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, ती त्यानंतर. वस्तू उत्तम असणे आणि ग्राहक तयार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाची समजूत बदलायची असेल तर तेवढा काळ तग धरण्याची तजवीजही कल्पनेचाच भाग मानावी लागते.

दुसरे उदाहरण गिरगावचे. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हाच ‘लिज्जत’चा आरंभ. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यातील पावसाळा मात्र फारसा कोणी सांगत नाही. गच्चीवर वाळणारे पापड पावसात वाळेनात, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. उत्पादन सुरू राहिले. जून ते सप्टेंबर कोकणात काय होते हे दिघाशीच्या गृहिणीला सांगायला नको. वाळवणाची कोणतीही कल्पना मनात आली की पहिला प्रश्न हाच असावा : पावसाळ्यात खाट कोठे आणि स्टोव्ह कोठे?

हिशेब मांडला की

कल्पनेची खरी परीक्षा कागदावर होते. समजा, एखाद्या कुटुंबाने गोदामातील कामगारांसाठी रोज ४० डबे द्यायचे ठरवले. डबा ८० रुपयांना. दिवसाची विक्री ३,२०० रुपये. एका डब्याचा शिधा ४२ रुपये धरला तर १,६८० रुपये. गॅस व वाहतूक ५०० आणि मदतनीस बाईंची मजुरी ५०० रुपये. शिल्लक ५२० रुपये. २६ दिवसांचे १३,५२० रुपये. घरातल्या दोन माणसांचे कष्ट लक्षात घेतले तरी सुरुवातीला हे वाईट नाही.

आता आठ गिऱ्हाईके कमी झाली असे मानू. ३२ डब्यांची विक्री २,५६० रुपये, शिधा १,३४४ रुपये. गॅस, वाहतूक आणि मजुरी मात्र तेवढीच, हजार रुपये. शिल्लक २१६ रुपये, म्हणजे महिन्याला ५,६१६. गिऱ्हाईक पाचव्या हिश्शाने घटले आणि उत्पन्न निम्म्याहूनही खाली आले. बहुतेक छोटे व्यवसाय या गणिताने बुडतात, कल्पना वाईट होती म्हणून नव्हे.

त्याहून मोठी मेख उधारीत आहे. कंत्राटदाराने ‘पैसे महिनाअखेरीस’ म्हटले, तर ४० डब्यांच्या हिशेबाने ६९,६८० रुपये खिशातून गेल्यावर पहिला रुपया हाती येतो. भांडी-शेगडीसाठी लागणाऱ्या रकमेपेक्षा ही रक्कम कितीतरी अधिक असू शकते, आणि नेमकी तीच कोणी धरत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत चुकते व्हावे यासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात तरतूद आहे : लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसल्यास १५ दिवस, आणि उशिरावर व्याज. या हक्कासाठी उद्यम नोंदणी असावी लागते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. अर्थात, कायदा हाती असला तरी गावातल्याच कंत्राटदाराविरुद्ध तक्रार करणे सोपे नसते. निम्मी रक्कम आगाऊ किंवा दर आठवड्याला हिशेब, हा बोलीचा करार अधिक कामाला येतो.

मदत कोठे मिळते

जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था ही मार्गदर्शनाची परिचित ठिकाणे. यांतील शेवटच्या संस्थांचे प्रशिक्षण निःशुल्क आणि निवासी असते. ही पद्धत १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या प्रयोगावरून घेतलेली आहे. कर्जासाठी २०१५ पासूनची मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज बसते, आणि पहिल्या वर्षी बहुतेकांना एवढे पुरते.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासूनचा. त्याची प्रकल्पमर्यादा २०२२ मध्ये उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये झाली. ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदारास २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष प्रवर्गांस ३५ टक्के अनुदानाची तरतूद त्यात करण्यात आली. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये त्याच धर्तीवर आला. अशा योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असल्याने अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात खात्री करून घ्यावी. अनुदानाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ही रक्कम अर्जदाराच्या हातात पडत नाही. ती बँकेत ठेवीच्या रूपात राहते आणि तीन वर्षांनी, उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर, कर्जखात्यात वळती होते. अनुदानाकडे पाहून व्यवसाय निवडणाऱ्याचा उद्योग दुसऱ्याच वर्षी बंद पडला तर त्याच्या गळ्यात पूर्ण कर्ज राहते.

खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी, पाकीटबंद मालावर वजन-किमतीचा तपशील, शेतजमिनीवर शेड घालायची असेल तर बांधकामाची परवानगी, ही कामे सुरुवातीसच उरकावीत. नियोजन प्राधिकरणाची परवानगी न घेता उभारलेल्या बांधकामांचे काय होते, याचे धडे गोदामपट्ट्याने पुरेसे दिले आहेत. भाड्याची जागा घेतानाही तिची कागदपत्रे पाहावीत.

आणि नोकरी किंवा शेती लगेच सोडू नये. डब्यांचा विचार असेल तर आधी दहा डबे महिनाभर द्यावेत, रोख पैशाने. तांदळाचा असेल तर दोन पोती दळून वीस घरांत पोहोचवावीत आणि दुसऱ्यांदा किती घरांनी स्वतःहून मागितला हे वहीत लिहावे. पहिली खरेदी ओळखीखातर होते. दुसऱ्या खरेदीचा आकडाच बँकेच्या प्रकल्प अहवालात घालण्याजोगा असतो. या प्रयोगासाठी भाताची कापणी-मळणी उरकल्यानंतरचा काळ सोयीचा. हाताशी वेळ असतो, रस्ते कोरडे असतात आणि पावसाळ्याआधी पाच-सहा महिन्यांचे आकडे वहीत जमा झालेले असतात.