रणांगणावरून परतलेल्या मालमोटारी

युद्ध संपले म्हणजे सैनिक घरी परततो आणि त्याच्या स्वागताला कोणी ना कोणी दारात उभे असते. परंतु त्याच्याबरोबर चार वर्षे चिखलातून, खड्ड्यांतून आणि तोफांच्या माऱ्यातून धावलेल्या मालमोटारीचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत सहसा विचारला जात नाही. लष्कराला नकोशी झालेली गाडी विक्रीला निघते, कोणी तरी ती स्वस्तात विकत घेतो, आणि तिच्या देखभालीचा जो भार काल सरकार वाहत होते तो आज एका माणसाच्या खांद्यावर येऊन पडतो. हा भार किती मोठा असतो आणि तो कोणी उचलायचा, याचा बोध करून देणारे एक प्रकरण पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात घडले. आजच्या भाषणात त्याचीच हकीकत सांगण्याचा विचार आहे.

या हकीकतीचा प्रारंभ युद्धानंतर नव्हे, तर युद्धापूर्वीच झाला. मोटार लष्कराला लागणार हे ब्रिटिश युद्धखात्याला कळून चुकले होते. पण शांततेच्या काळात हजारो गाड्या विकत घेऊन त्या नुसत्या उभ्या ठेवण्याची त्याची तयारी नव्हती. म्हणून १९११-१२ च्या सुमारास एक मोठी चतुर योजना निघाली. व्यापाऱ्याने ठरावीक नमुन्याची तीन टनी मालमोटार घ्यावी, आपल्या धंद्यात खुशाल वापरावी, आणि सरकारने त्याला तीन वर्षांत मिळून सुमारे ११० पौंड अनुदान द्यावे. अटी मुख्यतः दोन होत्या. युद्ध सुरू होताच गाडी लष्कराच्या हवाली करायची, ही पहिली. आणि तोपर्यंत ती उत्तम स्थितीत ठेवायची व सरकारी तपासनिसाला दाखवायची, ही दुसरी. गाडी कोणत्याही कारखान्याची असली तरी चालकाला ती परकी वाटू नये म्हणून पायाखालच्या कळी व हातातील दांडे यांच्या जागाही ठरवून दिल्या होत्या. म्हणजे देखभाल हा मालकाच्या मर्जीचा भाग न राहता कराराचा भाग झाला. अनुदान खरोखर गाडीसाठी नव्हते. ती नीट राखण्यासाठी होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि या गाड्या धन्याच्या दारातून उठून फ्रान्सकडे निघाल्या. त्यांच्यापाठोपाठ लंडनच्या रस्त्यांवरील नऊशेहून अधिक बसगाड्याही सैनिकांना घेऊन आघाडीवर गेल्या. पुढे कारखान्यांतून खास लष्करासाठी गाड्या बाहेर पडू लागल्या. लेलँड कारखान्याने हवाई दलासाठी जवळजवळ ६,००० गाड्या पुरवल्या. थॉर्निक्रॉफ्टच्या ‘जे’ नमुन्याच्या सुमारे ५,००० गाड्या लष्करात गेल्या. या लेलँड गाड्यांना पुढे ‘आर.ए.एफ. टाइप’ हेच नाव पडले.

आता एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रणांगणावरची मालमोटार कधीही एकटी नसते. तिच्यामागे आर्मी सर्व्हिस कोअरची फिरती कार्यशाळा असते, त्या कार्यशाळेत लेथ असतो, लोहार आणि फिटर असतात. त्यांच्याहीमागे मोठी दुरुस्तिगृहे आणि सुट्या भागांची कोठारे असतात. गाडी मोडली तर ती ओढून नेणारे कोणी असते, आणि दुरुस्त होईतो तिच्या जागी दुसरी गाडी येते. सैनिकाला जी गाडी विश्वासू वाटते, तिच्या विश्वासूपणाचा मोठा हिस्सा या न दिसणाऱ्या व्यवस्थेचा असतो.

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्धविराम झाला. सैन्य मोडू लागले आणि हजारो सैनिक हाती बक्षिसीची थोडी रक्कम घेऊन गावी आले. त्यांतील अनेकांनी लष्करात मोटार हाकण्याची विद्या शिकली होती. बाजारात नोकऱ्या नव्हत्या. मात्र लष्कराच्या जादा मालमोटारी विकावयास निघाल्या होत्या. त्यातच १९१९ च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडात रेल्वे कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. रेल्वे थांबली तरी शहरांना अन्न मिळत राहिले, कारण सरकारने मोटारी रस्त्यावर आणल्या. लंडनचे हाइड पार्क दुधाच्या वाटपाचे केंद्र बनले. मालाची ने-आण रेल्वेवाचूनही होऊ शकते हे साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिले. मग लष्करातून सुटलेल्या तरुणाने बक्षिसीचे पैसे एका जुन्या मालमोटारीत घातले आणि स्वतःला वाहतूकदार म्हणवून घेतले, यात नवल कसले? ब्रिटनमधील आधुनिक मोटार-मालवाहतुकीच्या धंद्याचा पाया बऱ्याच अंशी या माणसांनी घातला.

पण त्याने विकत घेतले होते काय? गाडी घेतली, तिच्यामागची कार्यशाळा काही त्याला मिळाली नाही. त्या काळच्या मालमोटारीला हवेचे टायर नसत. बैलगाडीच्या चाकावर जशी लोखंडी धाव चढवतात, तशी तिच्या जड चाकांवर भरीव रबराची धाव प्रचंड दाबाच्या यंत्राने बसवलेली असे. ती झिजली किंवा तिचे तुकडे उडाले तर रस्त्याच्या कडेला काहीच करता येत नसे. चाक काढून दाबयंत्र असेल तेथे न्यावे लागे. झिजलेल्या धावेवर गाडी तशीच हाकली तर प्रत्येक धक्का स्प्रिंगांना, चौकटीला आणि रेडिएटरच्या सांध्यांना बसे. अनेक गाड्यांचा क्लच शंकूच्या आकाराचा असून त्यावर चामडे चढवलेले असे. चामडे सुकले की क्लच झटक्याने पकडी, तेलकट झाले की घसरे. एंजिनाच्या आत दांड्यांना आधार देणारी बेअरिंगे पांढऱ्या मिश्रधातूची असत. ती झिजली म्हणजे धातू वितळवून पुन्हा ओतायचा आणि मग दांड्याशी नेमका मेळ बसेतो हाताने खरवडायचा, असे ते काम. कसबी फिटरलाही त्यात कित्येक तास लागत. शिवाय ग्रीसच्या टोप्या नेमाने पिळायच्या, हिवाळ्यात रात्री रेडिएटरचे पाणी सोडून द्यायचे. नाही तर बर्फ होऊन एंजिनाचा ठोकळा फुटायचा.

यांतले एकही काम अशक्य नव्हते. सैनिकाने ती सारी फ्रान्समध्ये होताना पाहिली होती. परंतु तेथे गाडी दुरुस्तीला गेली तरी त्याचा पगार चालू असे. येथे गाडी उभी राहिली की चूल थंडावे. म्हणून आज जायची ती दुरुस्ती उद्यावर, उद्याची परवावर जाई, आणि शेवटी एका लहान बेअरिंगाच्या हयगयीपायी सगळे एंजिन निकामी होई. विकत घेतानाची स्वस्ताई अशा रीतीने हप्त्याहप्त्याने वसूल केली जात असे.

या पेचाची एक बाजू लेलँड कारखान्याच्या चालकांनी वेळीच ओळखली. लेलँड हे नाव आपणांस परके नाही. मद्रासच्या अशोक मोटर्सशी त्याचा संबंध जुळून १९५५ मध्ये अशोक लेलँड हे नाव रूढ झाले. त्या वेळी त्यांच्यापुढे प्रश्न असा होता, की आपल्याच हजारो गाड्या युद्धात झिजून, कशाही स्थितीत, कोणाच्याही हाती जाणार. त्या रस्त्यात मोडून पडल्या तर लोक युद्धाला दोष देणार नाहीत. गाडीच्या पुढच्या भागावर जे नाव आहे त्यालाच देतील. म्हणून लेलँडने सरकारकडून आपल्याच सुमारे ३,००० गाड्या परत विकत घेतल्या. लंडनजवळ किंगस्टन येथे, जेथे युद्धकाळात सॉपविथ कंपनीची विमाने तयार होत असत, त्या कारखान्यात गाड्या आणून त्या पार सुट्या करावयाच्या, प्रत्येक भाग तपासावयाचा, झिजलेला बदलावयाचा आणि पुन्हा नव्यासारखी गाडी बांधून विकावयाची, असा उद्योग सुरू झाला. लवकरच १९२०-२१ ची मंदी आली. नव्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही आणि जुन्यांत अडकलेल्या भांडवलाने कंपनीला जवळजवळ बुडीत घातले. किंगस्टनचा कारखाना चालू राहावा म्हणून तेथे १९२२ पासून ट्रोजन नावाची छोटी मोटारही बांधावी लागली. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार फार काळ तोट्याचाच दिसला असेल. तथापि दुरुस्त झालेल्या त्या गाड्या पुढे अनेक वर्षे धावत राहिल्या आणि कारखान्याचे नावही त्यांच्याबरोबर टिकले.

दुसरा प्रयोग लंडनच्या पश्चिमेस स्लाउ येथे झाला. तेथे १९१८ मध्ये सुमारे ६०० एकर जमिनीवर लष्करी मोटारींसाठी दुरुस्तीचे प्रचंड आगार उभारण्यास सरकारने प्रारंभ केला. आगार पुरे होण्याआधीच युद्ध संपले. पैशाच्या उधळपट्टीवरून पार्लमेंटात गदारोळ उठला, आणि मोडक्या गाड्यांच्या रांगांवर रांगा पाहून गावकऱ्यांनी त्या जागेला ‘उकिरडा’ या अर्थाचे नाव देऊन टाकले. १९२० मध्ये सर पर्सिव्हल पेरी आणि नोएल मॉब्स यांच्या पुढाकाराने एका मंडळीने जमीन, इमारती आणि हजारो गाड्या असा सारा संसार सत्तर लाख पौंडांहून अधिक किमतीला खरेदी केला. पुढील पाच वर्षे तेथे गाड्या दुरुस्त होऊन विकल्या जात होत्या. गाड्या संपत आल्या तशा रिकाम्या कार्यशाळा इतर कारखानदारांना भाड्याने मिळू लागल्या. वीज, रस्ते, रेल्वेचा फाटा, सगळे आयतेच होते. १९२५ नंतर दुरुस्तीचा धंदा आटोपला आणि उरली ती एक आखीव औद्योगिक वसाहत. आपल्याकडे आज गावोगावी दिसणाऱ्या औद्योगिक वसाहतींच्या पूर्वजांत स्लाउचे स्थान फार वरचे आहे. आणि तिचा जन्म लष्करी मालमोटारींच्या दुरुस्तीतून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एकांड्या मालकाची कथा मात्र एवढी सुखान्त नाही. गाड्या फार झाल्या आणि माल तेवढाच राहिला. भाडे मिळवण्यासाठी दर पाडायचे, पाडलेले दर भरून काढण्यासाठी गाडीवर जादा माल लादायचा, रात्रंदिवस हाकायची आणि दुरुस्ती टाळायची, असे चक्र सुरू झाले. कित्येकांची बक्षिसीची पुंजी गाडीबरोबरच भंगारात गेली. दशकाच्या मध्यास हवेच्या टायरांच्या हलक्या, चपळ गाड्या आल्या आणि भरीव धावेच्या जुन्या गाड्या मागे पडल्या. अखेर १९३३ च्या रस्ते व रेल्वे वाहतूक कायद्याने मालमोटारींना परवाना आवश्यक केला, आणि गाडी सुस्थितीत ठेवणे ही परवान्याची अट झाली. १९११ च्या सुमारास अनुदानाच्या करारात जी अट होती, तीच वीस वर्षांनी साऱ्या देशाला कायद्याच्या रूपाने पुन्हा घालून घ्यावी लागली. मधल्या काळात देखभालीची जबाबदारी कोणाचीच नव्हती. तिचा दंड ज्यांना सर्वांत कमी परवडत होता त्यांनी भरला.

श्रोतेहो, त्या गाड्यांपैकी काही आजही जिवंत आहेत. एक थॉर्निक्रॉफ्ट आपल्यावरील विमानवेधी तोफेसह इंपीरिअल वॉर म्यूझियमच्या संग्रहात आहे. पण बऱ्याच गाड्या सामान्य माणसांनी स्वखर्चाने वाचवल्या आहेत. कोणाची चौकट शेतावर सापडली, कोणाचे एंजिन लाकूड कापण्याच्या यंत्राला जोडलेले आढळले. आता त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. मालक लाकडाचा साचा कोरून घेतो, ओतशाळेत नवा भाग ओतून घेतो, जुन्या पुस्तिकेतील आकृती समोर ठेवून बेअरिंग खरवडतो. एक गाडी उभी राहावी म्हणून दोन-तीन गाड्यांचे अवशेष खर्ची पडतात. १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मालवाहू गाड्यांची यात्रा भरत आली आहे. तेथे शंभर वर्षांची गाडी धडधडत जाताना पाहून लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या गाडीला मिळतात. आदल्या हिवाळ्यात थंडगार शेडमध्ये तिच्याखाली आडवे पडून राहिलेले हात कोणाला दिसत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या देशातही लष्कराच्या जीपगाड्या आणि मालमोटारी ‘डिस्पोझल’च्या मालात निघाल्या, आणि तेव्हापासून तो शब्द आपल्या मिस्त्र्यांच्या बोलीत रुळला. लष्कराची गाडी दणकट असते, तिला काही होत नाही, असे घेणारा तेव्हाही म्हणत असे आणि आताही म्हणतो. इंग्लंडातील त्या सैनिकांनीही हेच म्हटले होते. गाडी दणकट होती यात शंका नाही. परंतु तिचा दणकटपणा पोलादात जितका होता, तितकाच तिच्यामागे रोज सकाळी ग्रीसची टोपी पिळणाऱ्या हातात होता. आणि लिलावात बोली लागते ती फक्त पोलादावर. जुने यंत्र घरी आणणाऱ्याने किंमत मोजताना त्या हाताचाही हिशेब मांडला पाहिजे. तो मांडला असता, तर १९२० च्या इंग्लंडात पुष्कळ संसार वाचले असते.